पहिला नंबर शहराचा, नोकरी कुणाची?

एक लाखापेक्षा कमी लोकवस्तीच्या शहरांमध्ये देशातलं सर्वांत स्वच्छ शहर कोणतं, याचा निकाल पूर्वी दरवर्षी दिल्लीत जाहीर होत असे. २०२० साली हा मान कराडला मिळाला, २०२१ साली विट्याला आणि २०२२ साली पाचगणीला. सलग तीन वर्षं देशातला पहिला नंबर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बाहेर गेला नाही. चौकाचौकांत फलक लागले, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकाऱ्यांचे सत्कार झाले, आणि ते त्यांना साजेसेही होते. कचरा वेगळा करण्यापासून सांडपाण्यापर्यंत या गावांनी खरोखर कष्ट घेतले आहेत.

पण पहाटे पाचला ज्यांनी हे शहर झाडलं ते कोण, कायम नोकरीत आहेत की ठेक्यावर, आणि त्यांच्या घरातला कुणी त्याच नगरपालिकेत लिपिक, अभियंता किंवा लेखापाल झाला आहे का, हे सत्काराच्या भाषणात कधी ऐकू आलेलं नाही. या दोन जिल्ह्यांत दलित, भटके-विमुक्त, मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांसाठी स्थानिक नोकरीचं दार उघडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा आढावा घेताना मला हाच प्रश्न मध्यभागी ठेवावासा वाटतो. किती जणांना घेतलं हे मोजलं जातं. कुठल्या कामावर घेतलं हे मोजायचं राहून जातं.

हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थानं तोवर विलीन झाली होती. त्यामुळे इथला इतिहास थोडा इंग्रजी अमलातला आणि थोडा संस्थानी आहे, आणि नोकरीचा धागा त्या दोन्हींतून जातो.

सुरुवात करायची तर महात्मा फुल्यांपासून करावी लागते. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी जे मांडलं ते शिक्षणाबद्दल होतं, पण त्यात नोकरीचा मुद्दा आतून भरलेला होता: सरकारी कचेऱ्या एकाच जातीने भरल्या आहेत आणि कर मात्र शेतकरी भरतो. पुढच्याच दशकात उलटा धडा मिळाला. महारांना लष्करात घेणं इंग्रजांनी थांबवलं आणि तीन पिढ्यांचा रोजगार एका धोरणाने गेला. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केले, उपयोग झाला नाही. नोकरीचं दार मेहरबानीने उघडलेलं असेल तर ते मेहरबानी संपली की मिटतं, हे या मुलुखाने तेव्हाच पाहिलं.

लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ नोकरीच्या निमित्तानेच साताऱ्यात आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या मुलाचं, भीमरावांचं, नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं गेलं. पुढच्या वर्षी रामजी खटाव भागात तलावाच्या सरकारी कामावर खजिनदार होते आणि मुलं त्यांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरली. बाप सरकारी तिजोरी सांभाळतो, पण मुलांना स्टेशनातून न्यायला बैलगाडीवाला तयार होईना. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. पगार मिळाला म्हणजे मान मिळतोच असं नाही, हा या विषयातला जुना आणि अजून न सुटलेला गुंता.

शेजारच्या कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम काढला. त्या हुकमाचं थोरपण सर्वांना पाठ आहे. महाराजांच्या कामातली एक बाब मला इतर ठिकाणी सापडत नाही: त्यांनी अस्पृश्यांना तलाठी नेमलं, वकिलीच्या सनदा दिल्या. म्हणजे ज्या खुर्चीपुढे लोकांना हात जोडून उभं राहावं लागतं, त्या खुर्चीवर माणूस बसवला. साताऱ्याच्या इंग्रजी मुलुखात असं काही झालं नाही. तिथे प्रयत्न झाले ते कारखानदारांकडून आणि शाळामास्तरांकडून.

१९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. या वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही हा दंडक होताच. त्यापलीकडे, ज्या रामोशी आणि मांग माणसांना गुन्हेगार ठरवून समाजाने वाळीत टाकलं होतं, शिक्षा भोगून आलेली अशी माणसं लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या पहाऱ्यावर नेमली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं तेव्हा लोक म्हणाले असतील. पण पहारा चोख राहिला. औंध संस्थानातच १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही कैद्यांची खुली वसाहत. कैदी इथे कुटुंबासह राहून शेती करतात. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हीच प्रेरणा. हे दोन्ही प्रयोग मोठ्या मनाचे होते, पण ते एका मालकाच्या आणि एका राजाच्या मनावर अवलंबून होते. त्यांचा नियम कधी झाला नाही.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी नियम करून दाखवला. जन्माने जैन, म्हणजे आजच्या सरकारी भाषेत स्वतः अल्पसंख्य. आधी ते ओगले आणि किर्लोस्करांचा माल विकत गावोगाव फिरले. मग धनजीशा कूपर या साताऱ्याच्या पारशी गृहस्थाला त्यांनी नांगराचा कारखाना काढायला लावलं. तो सातारा रोडला उभा राहिला. नफ्यातला वाटा बहुजनांच्या शिक्षणाला द्यायचा ही भाऊरावांची बोली होती. ती पाळली गेली नाही आणि भाऊरावांनी कारखाना सोडला. कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. एका पारशाने आणि एका जैनाने मिळून साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या पोराला लोखंडकाम शिकवायची सोय केली, हे आजच्या भूमिपुत्रांच्या घोषणांत आठवायला हरकत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुलं एका पंगतीत जेवत, आपलं धान्य आपण दळत, शेतात राबून शिकत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. या वसतिगृहाचं कौतुक एवढं झालं आहे की त्याचा रोजगाराच्या अंगाने विचार करायचा राहूनच गेला. भाऊरावांनी मुलं शिकवली आणि ती मास्तर म्हणून परत आपल्याच शाळांत नेमली. १९३५ साली त्यांनी शिक्षक तयार करणारं महाविद्यालय साताऱ्यात काढलं ते याच हिशेबाने. शिकणारा आणि नोकरी देणारा यांच्यामध्ये कुणाची शिफारस, कुणाची ओळख लागू नये. दोन जिल्ह्यांत मागासवर्गीय घरांतली पहिली पगारी पिढी शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी एखादा प्राथमिक किंवा माध्यमिक शिक्षक भेटतो आणि त्याच्या मागे असलं एखादं वसतिगृह असतं.

मिरजेत हेच काम वेगळ्या वाटेने झालं. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभारलं. परक्या माणसाचं मलमूत्र काढणं, जखमा धुणं ही कामं वरच्या जातीच्या बायका करायच्या नाहीत. त्यामुळे परिचारिका म्हणून पुढे आल्या त्या ख्रिस्ती झालेल्या दलित घरांतल्या मुली. जे काम हलकं म्हणून त्यांच्या पदरात पडलं, त्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र जोडलं गेल्यावर तो पेशा झाला. हा बदल महत्त्वाचा आहे. घाण साफ करण्याचं काम जातीने मिळालं की ते जातीचंच राहतं. त्याला शिक्षण, परीक्षा, बढती आणि गणवेश जोडला की ते सर्वांना हवंसं वाटू लागतं. मात्र या ख्रिस्ती कुटुंबांना दुसरीकडे किंमत मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती अनुसूचित जातींच्या बाहेर राहिली. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण आजोबा आणि नातवाची गल्ली तीच असताना यादी मात्र बदलली. केंद्राने २०२२ साली के. जी. बालकृष्णन आयोग नेमला तो या प्रश्नावर.

आता नगरपालिकेकडे येऊ, कारण गावातली सर्वांत जवळची, सर्वांत दिसणारी आणि जनतेच्या पैशावर चालणारी नोकरी तिथेच असते. सातारा, कराड, फलटण, वाई, विटा, इस्लामपूर, तासगाव यांच्या नगरपालिका आणि ९ फेब्रुवारी १९९८ रोजी तीन गावं जोडून झालेली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका. या सर्व ठिकाणी एक खातं असं आहे जिथे आरक्षणाची टक्केवारी पाहायची कधी गरजच पडली नाही. ते म्हणजे सफाईचं. मैला डोक्यावरून वाहायचा तेव्हाही ते दलितांचं होतं आणि घंटागाडी आल्यावरही बहुतांशी दलितांचंच राहिलं.

लाड-पागे समितीच्या शिफारशी राज्य सरकारने १९७५ साली मान्य केल्या. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला तर त्याच्या वारसाला त्याच कामावर घ्यायचं, हा त्यातला गाजलेला भाग. यावर दोन तोंडांनी बोलावं लागतं. एकीकडे, गावकुसाबाहेरच्या हजारो घरांना या तरतुदीने पिढ्यान्‌पिढ्या पगार, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना आणि कर्ज मिळण्याची पत दिली. ज्याला बँकेच्या दारात उभं करत नव्हते त्याला पगारपत्रकावर कर्ज मिळू लागलं. पोरांची लग्नं, शिक्षणं त्यावर झाली. दुसरीकडे, बारावी, पदवी झालेला मुलगा बापाच्या जागी हातात झाडू घेतो, कारण तो घेतला नाही तर घरातली एकमेव कायम नोकरी जाते. पदवीधर वारसाला शैक्षणिक पात्रतेनुसार वरच्या पदावर घ्यावं, ही मागणी कामगार संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने वारसाहक्काचे सारे जुने आदेश एकत्र करून नवा निर्णय काढला. तो लगेच औरंगाबाद खंडपीठात अडकला आणि कोणत्या जातींना वारसाहक्क मिळावा यावर सुनावण्या सुरू झाल्या. न्यायालयात भांडण झालं ते झाडू कुणाला मिळावा याचं. टेबल कुणाला मिळावं, हा विषय तिथवर पोचलाच नाही.

पहाटेची हजेरी हे या व्यवस्थेचं खरं चित्र. प्रभागाच्या कोपऱ्यावर पत्र्याचं हजेरी शेड, मुकादमाच्या हातात दोन वह्या. पहिली कायम कामगारांची, दुसरी ठेकेदाराच्या माणसांची. कुठे कुठे तिसरीही असते, मानधनावरच्यांची. रस्ता तोच, झाडू तोच, घाण तीच. पहिल्या वहीतल्या बाईच्या खात्यात वेतन आयोगाचा पगार जमा होतो, रजा असते, बाळंतपणाची सोय असते. दुसऱ्या वहीतली बाई एक दिवस आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे जातात, आणि ठेका बदलला की ती नव्या ठेकेदारापुढे पहिल्या दिवसापासून उभी राहते. पहिली वही दरवर्षी पातळ होत चालली आहे. कायम माणूस निवृत्त झाला आणि त्याला वारस नसेल, किंवा वारसाचं प्रकरण अडकलं असेल, तर त्याचं नाव खोडलं जातं आणि काम दुसऱ्या वहीत जातं.

यामागे कुणाची दुष्टाई आहे असं मी म्हणत नाही. हिशेबच तसा आहे. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय महापालिकेला नोकरभरतीची परवानगी मिळणं कठीण असतं. लहान शहराचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान. आकृतिबंध जुना, त्यातली पदंसुद्धा रिकामी. मग मुख्याधिकारी करतो काय, तर ठेका काढतो. ठेक्याचा पैसा आस्थापनेच्या शीर्षात बसत नाही, कागदावर काटकसर दिसते आणि रस्ते झाडले जातात. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्यावर बंधन घातलं, तेव्हापासून ‘आज ना उद्या कायम होऊ’ ही आशाही बारीक झाली. ठेक्याला बिंदुनामावली लागू नाही. मुद्द्याची गाठ इथे आहे.

बिंदुनामावली म्हणजे आरक्षणाची वही. महाराष्ट्राच्या २००१ च्या लोकसेवा आरक्षण कायद्याने अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७, विमुक्त जातींना ३, भटक्यांच्या तीन गटांना मिळून ८, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ टक्के अशी ५२ टक्क्यांची मांडणी केली. संवर्गातल्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो, त्यावर कोणत्या प्रवर्गाचा माणूस हवा ते ठरलेलं असतं. सातारा-सांगलीच्या संस्थांना ही वही पुण्याला विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. मुंगीच्या पावलाने चालणारं काम आहे, पण शाहू महाराजांच्या हुकमाला एवढं पक्कं कागदी रूप दुसरं मिळालेलं नाही. आणि ती वही जिथे उघडायची ती पदंच भरली जात नसतील तर? गेली काही वर्षं या दोन जिल्ह्यांत मराठा आरक्षण, धनगर आरक्षण, ओबीसी बचाव यांवर मोर्चे निघाले. २०२४ साली मराठ्यांना वेगळं १० टक्के आरक्षण देणारा कायदाही झाला. मला सगळ्याच बाजूंच्या तरुणांबद्दल सहानुभूती आहे. पण टक्क्यांवर भांडणारे मोर्चे लाखांचे होते आणि रिकाम्या पदांवर, ठेक्यांवर भांडणारा मोर्चा शंभराचाही क्वचित दिसला. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला तेव्हा मात्र सर्व जातींची पोरं एकत्र ओरडली आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द झाला. एकत्र ओरडल्यावर काय होतं त्याचं हे एक उदाहरण हाताशी आहे.

मुसलमानांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांना झाडूचंही दार नव्हतं. २००६ च्या सच्चर समितीने देशभरासाठी जे सांगितलं ते मिरजेच्या कुठल्याही मोहल्ल्यात डोळ्यांनी दिसतं: नियमित पगाराच्या नोकरीत वाटा कमी, स्वतःच्या धंद्यात जास्त. फळांची गाडी, गॅरेज, शिलाई, बेकरी, वेल्डिंग. राज्याने डॉ. महमूदूर रहमान समिती नेमली. २०१४ च्या जुलैत मुसलमानांतल्या मागास गटांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांपुरती त्याला स्थगिती दिली, शिक्षणातला भाग ठेवला. तोवर सरकार बदललं होतं आणि पुढे अध्यादेश संपून गेला. आज जे आहे ते बागवान, मोमीन, पिंजारी, अत्तार अशा जातींना इतर मागासवर्गात असलेलं स्थान. त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि दाखल्यासाठी जुन्या शाळेच्या नोंदीत जात लिहिलेली लागते. तिथे बहुतेक वेळा नुसतं ‘मुसलमान’ असं लिहिलेलं असतं आणि अर्ज तिथेच अडतो. या एका अडचणीवर नगरपालिकेने आपल्याच शाळांच्या दप्तरातून मदत केली तरी पुष्कळ होईल. खर्च शून्य.

मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शिकलगार घराण्यांनी तलवारी-हत्यारांना धार लावण्याचं काम गेल्यावर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे हात वळवला, तेव्हापासूनचा हा धंदा. भोपळा भिजवायचा, तोंड कापून आतून काड्यांनी ताणून वाळवायचा, मग त्यावर लाकडी दांडी बसवायची, नक्षी करायची, तारा चढवायच्या आणि शेवटी कानाने जवारी काढायची. एका चांगल्या तानपुऱ्यामागे कित्येक दिवसांची बैठक असते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्यासारख्या गवयांच्या मागणीवर ही गल्ली जगली. मानांकनाचा मला आनंद आहे, पण मानांकन म्हणजे रोजगार नव्हे. कारागिराचा मुलगा आयटीआयला जातो, त्यात गैर काही नाही. पण वाद्यनिर्मितीचा अभ्यासक्रम मिरजेच्या आयटीआयमध्ये हवा आणि त्या गल्लीतला उस्ताद तिथे पगारी निदेशक हवा. तसं झालं तर एका मुसलमान कारागिराला आयुष्यात पहिल्यांदा सरकारी नेमणूकपत्र मिळेल. कर्ज देणारी महामंडळं पुष्कळ आहेत. नेमणूक देणारं खातं हवं आहे.

महामंडळांचा विषय निघाला म्हणून. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी बापाबरोबर चालत मुंबईला गेले, कारण गावात पोट भरत नव्हतं. त्यांच्या नावाने १९८५ साली मातंग समाजासाठी महामंडळ निघालं. २०१५ साली त्याच महामंडळातला शेकडो कोटींचा घोटाळा बाहेर आला आणि अध्यक्ष राहिलेल्या आमदाराला अटक झाली. गावातून चालत गेलेल्या माणसाच्या नावावर कुणी काय चालवावं, याचं हे टोक. मातंग समाजाची दुसरी तक्रार अशी की अनुसूचित जातींच्या १३ टक्क्यांत त्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. १ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नेमकं अण्णाभाऊंच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयाने उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि राज्याने न्या. अनंत बदर समिती नेमली. बौद्ध समाजातल्या अनेकांचा याला विरोध आहे आणि त्यांची भीती पोकळ नाही. घर फोडायला हा मुद्दा फार सोयीचा आहे. तरीही कुठल्या जातीला प्रत्यक्षात किती नोकऱ्या मिळाल्या याची आकडेवारी समोर ठेवल्याशिवाय हा वाद मिटणार नाही, आणि नगरपालिकांनी ती ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पारधी तरुणाला कारखान्याच्या दारात अजून आधी पोलीस ठाण्याचा दाखला मागतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जे शंभर वर्षांपूर्वी केलं ते आजच्या सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपन्यांना जमलेलं नाही. एवढंच बोलून पुढे जातो, कारण या समाजांच्या नोकरीचा प्रश्न अजून शाळेच्या पहिल्या पायरीवर अडकला आहे.

रोजगार हमी योजनेचा उगमही इथलाच. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग करून पाहिला आणि १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला. बाई आणि पुरुषाला सारखी मजुरी, जात न विचारता हजेरी, पंधरा दिवसांत काम. ग्रामीण भागाबरोबर लहान, म्हणजे क वर्ग नगरपालिकांनाही त्या योजनेत जागा होती. पुढे देशाने ही कल्पना उचलली तेव्हा केंद्राच्या कायद्याने ती खेड्यापुरतीच ठेवली आणि शहरातला गरीब बाहेर राहिला. कराड किंवा इस्लामपूरच्या कडेला, जिथे गाव संपतं आणि शहर सुरू होतं, तिथल्या वस्तीतल्या बाईला ना ग्रामपंचायतीचं काम, ना नगरपालिकेचं.

खाजगी क्षेत्राबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना ही अट महाराष्ट्रात उद्योगांना सवलती देताना वर्षानुवर्षं कागदावर आहे. कुपवाड, मिरज, पलूस, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत तिचा हिशेब मागणारेही आहेत. पण स्थानिकांमध्ये कोण, हे कुणी विचारत नाही. २००१ च्या आरक्षण कायद्याची व्याख्या मात्र वाचण्यासारखी आहे. शासनाचं भागभांडवल असलेल्या सहकारी संस्था तीत येतात, म्हणजे साखर कारखाने आले. सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलत घेतलेले उद्योगसुद्धा त्या व्याख्येच्या कक्षेत धरले आहेत. हा शब्द अमलात आणायचा तर गळीत हंगामाच्या आधी प्रत्येक कारखान्याच्या नोटीस बोर्डावर बिंदुनामावली लागायला हवी. ती लागत नाही. दोन्ही जिल्ह्यांचं राजकारण ज्या कारखान्यांवर उभं आहे, तिथल्या नोकऱ्या कुणाच्या शिफारशीवर मिळतात हे सांगायला अभ्यासक लागत नाही.

बाहेरच्या जगाने यावर काय केलं? उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांना नोकऱ्या नाकारल्या जातात ही तक्रार दंगलींपर्यंत गेली. १९८९ च्या कायद्याने तिथे मालकांवर एक साधं बंधन आलं: आपल्याकडे किती कॅथलिक, किती प्रोटेस्टंट आणि ते कोणत्या दर्जाच्या कामावर, हे दरवर्षी लिहून द्या. कोटा ठेवला नाही, मोजदाद ठेवली. आणि एका पिढीत कॅथलिकांचा वाटा दिसण्याइतका वाढला. अमेरिकेने १९६५ साली अध्यक्षांच्या आदेशाने सरकारी ठेकेदारांवर बंधन घातलं की सरकारचं काम हवं तर भरतीत भेदभाव नाही आणि वंचितांना घेण्याचे प्रयत्न दाखवा. साठ वर्षं चाललेला तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये एका सहीने रद्द झाला. म्हणजे आपल्या महार पलटणीचाच धडा, वेगळ्या देशात. पण ठेकेदारालाही नियम लावता येतो, एवढं त्या साठ वर्षांनी सिद्ध केलं.

आपल्याकडे तर त्यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मंडळाकडे नोंदला जातो. व्यापारी बदलला तरी त्याची नोंद, निधी आणि हक्क त्याच्याबरोबर राहतात. सफाईच्या ठेक्याला हीच पद्धत का लावू नये? ठेकेदार दर तीन वर्षांनी बदलो, झाडणाऱ्या बाईचं नाव मंडळाच्या वहीत राहावं. आणि निविदेतच अट असावी की मुकादम, चालक, पर्यवेक्षक, संगणक चालक या जागा बिंदुनामावलीप्रमाणे भरायच्या. त्याचबरोबर झाडूच्या कामावर इतर जातींची माणसं येतील एवढा पगार आणि यंत्रं हवीत, कारण सगळे दलित सफाईत आणि सफाईत सगळे दलित हे चित्र नुसत्या बढत्यांनी मोडणार नाही.

माझा निवाडा असा आहे. या दोन जिल्ह्यांनी शिकवण्यात देशाला वाट दाखवली, काम देण्याची हमी इथेच जन्मली; पण गावाच्या स्वतःच्या कचेरीत मागास माणसाला सन्मानाच्या टेबलावर बसवण्यात इथल्या नगरपालिका शाहू महाराजांच्या तलाठ्यापुढे अजून गेलेल्या नाहीत, आणि ठेका आल्यापासून मागे सरकल्या आहेत.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक नगरपालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांची यादी आणि पगार स्वतःहून जाहीर करायचे असतात. वाचकांना विनंती एवढीच की आपल्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर ती यादी आहे का पाहा. नसेल तर दहा रुपयांचा अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा: संवर्गनिहाय बिंदुनामावली, रिकाम्या पदांची संख्या आणि सफाई ठेक्यातल्या कामगारांची हजेरी व वेतनाची नोंद. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. सुरुवात कराड, विटा आणि पाचगणीच्या नागरिकांनी करावी.